मिटणारं कागदी फूल: इंदूरच्या गच्चीवर हेलिक्रायसम कसं सांभाळावं

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. गेल्या फेब्रुवारीत तुम्ही नर्सरीतून ‘पेपर फ्लॉवर’ म्हणून दोन फुललेल्या कुंड्या आणल्या. सकाळी पाहावं तर फुलं मिटलेली. पाणी कमी पडत असेल म्हणून तुम्ही दोन वेळा पाणी घालायला लागलात आणि महिन्याभरात दोन्ही झाडं बसली. यंदा हट्टानं बी आणलं. निम्मं उगवलंच नाही, उगवलेलं बरंचसं कोलमडलं, आणि जी सात रोपं जगली त्यांची कोवळी पानं पिवळी पडली आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. शेवटी विचारलंय, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यांची वाळवलेली फुलं वाण म्हणून देता येतील का.

मी इंदुरातच, सुदामानगरात राहतो. गच्चीवर आणि शहराबाहेर राऊ गावाच्या पुढे अर्ध्या बिघ्यात मिळून पंचवीस वर्षं हिवाळी फुलांची रोपं करतोय. तुम्ही केलेल्या चुकांपैकी एक सोडून बाकी सगळ्या मी आधीच करून ठेवल्या आहेत, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

आधी मिटण्याचं बघू, कारण खरी गडबड तिथून सुरू झाली. गेल्या वर्षीचं एखादं वाळलेलं फूल घरात असेलच. चहाची बशी घ्या, तिच्यात पाणी घाला आणि फूल उलटं करून बुडवा. तुमचा चहा पिऊन होईतो बाहेरच्या ‘पाकळ्या’ उभ्या राहायला लागतील, आणि अर्ध्या तासात फूल पार मुठीसारखं मिटेल. मग ते गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवा. पोळ्या लाटून बाहेर याल तेव्हा पुन्हा उघडलेलं असेल. हे फूल मागच्या वर्षीच मेलंय, तरी उघडमीट करतं. माझ्या नातवाला हा खेळ एकदा दाखवला, तर त्यानं एका रविवारी माझी वीस फुलं भिजवून ठेवली.

असं होण्याचं कारण म्हणजे त्या पाकळ्या नव्हेतच. खरी फुलं मधल्या पिवळ्या चकतीत असतात, शेकड्यानं, बारीक. भोवतीचे रंगीत, चकचकीत, कुरकुरीत पापुद्रे म्हणजे छद. झाडावर असतानाच त्यांच्यातलं पाणी जवळजवळ संपलेलं असतं, पेशी मेलेल्या असतात. छदाच्या बुडाशी एक बिजागरीसारखा भाग असतो. हवेत ओल आली की त्याची बाहेरची बाजू पाणी पिऊन फुगते आणि छद आत वळतो. ऊन तापलं की तीच बाजू आकसते आणि छद बाहेर पडतो. दवापावसापासून आतल्या फुलांचं रक्षण व्हावं, अशी ती सोय. माळव्यात जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे दव पडतं, शिवाय तुमच्या घरी बागेला पाणी सकाळीच घालतात. म्हणजे तुमची फुलं तहानलेली नव्हती, ओली झाली होती. अकरा वाजता गच्चीवर गेला असता तर उघडलेली दिसली असती. फुलाकडे बघून पाणी ठरवायचं नाही, हा पहिला नियम. पाणी मातीला विचारायचं. कुंडीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. तिथे ओल लागली तर झारी खाली ठेवा.

नावाचा घोळ थोडक्यात सांगतो, कारण बी आणताना तो नडतो. आपल्याकडे कागदी फूल म्हटलं की लोक बोगनवेल समजतात. त्यात त्यांची फार चूक नाही, तिचेही रंगीत भाग छदच असतात, पण दोघींचं नातं काही नाही. आपलं हे फूल झेंडू-शेवंतीच्या, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातलं, मूळ ऑस्ट्रेलियाचं. १८०३ मध्ये व्हाँतना या फ्रेंच शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं ते नेपोलियनच्या बायकोच्या, जोसेफिनच्या मालमेझाँ इथल्या बागेतल्या रोपावरून. त्यानंतर त्याचं शास्त्रीय नाव तीन वेळा बदललं. आता झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम म्हणतात, झेरो म्हणजे कोरडं आणि क्रायसम म्हणजे सोनं. पण बियांच्या पाकिटावर अजून हेलिक्रायसमच छापलेलं असतं, कुठे ब्रॅक्टिअँथा, तर कुठे नुसतं ‘स्ट्रॉफ्लॉवर’. तिन्ही एकच. सुगंधी तेलाचं हेलिक्रायसम म्हणून जे विकतात ती भूमध्य समुद्राकडची वेगळी जात आहे. या फुलांचं तेल काढायला जाऊ नका.

उंच प्रकार हवा असेल तर पाकिटावर ‘मॉन्स्ट्रोसम’ शोधा. तीन फूट, कधी त्याहून थोडा वर जातो, फुलं भरगच्च येतात आणि वाळवायला हाच बरा. कुंडीत शोभेला ‘बिकिनी’ मालिका येते, फूटभर उंचीची. तुमच्या गच्चीवर जागा आहे आणि तुम्हाला फुलं वाळवायची आहेत, तेव्हा उंचच घ्या.

आता बी. ऑस्ट्रेलियात काही जाती बहुवर्षायू आहेत, पण इंदुरात याला हिवाळी वार्षिकच समजायचं. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की झाड आपणहून आटोपतं. माझा हिशेब सोपा आहे: घरात घट बसले, मातीत धान्य पेरलं, की त्याच आठवड्यात गच्चीवर हेलिक्रायसमचं बी. तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि रात्री थोड्या थंड पडायला लागतात. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या रात्रीचं, कौतुक शायरांनी वेगळ्या कारणासाठी केलं असेल, पण रोपवाल्यालाही ती रात्र तितकीच लाडकी. १८ ते २२ अंशांत बी सात ते दहा दिवसांत येतं. दिवाळीनंतर पेरलं तरी उगवतं, पण फुलं उशिरा येतात आणि ऊन लवकर गाठतं. आत्ता नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आहे. दुसरं पाकीट आणून पेरायचं असेल तर या आठवड्यातच पेरा, पुढे ढकलू नका.

पहिल्या वर्षी मी हे बी झेंडूसारखं पेरलं होतं. चर काढला, वर बोटभर माती ओढली, हात झटकले. दोन पाकिटांतलं एकही उगवलं नाही. दुकानदाराला शिव्या घातल्या, त्या अर्थातच फुकट गेल्या. या बियाला उगवायला उजेड लागतो. एका ग्रॅममध्ये हजारावर बिया बसतात, एवढं ते बारीक. ट्रेमधलं मिश्रण आधी भिजवून निथळून घ्या, बी थोड्या कोरड्या रेतीत मिसळून वरच्या वर भुरभुरा, आणि तळहातानं हलकेच दाबा. झाकायचं नाही. फार तर पिठाच्या चाळणीतून चाळलेल्या कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, इतकी विरळ चिमूट की खालचं बी दिसत राहील. वरून झारीनं पाणी घालू नका, बी एका कोपऱ्यात वाहून जातं. ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवा. वरची माती काळपट दिसायला लागली, म्हणजे ओल वर पोचली, की उचलून निथळायला ठेवा.

एका वर्षी बी नीट पेरूनही दहातलं एकच आलं. पाकिटावरची तारीख मी पाहिलीच नव्हती. बी दोन-तीन वर्षं टिकतं, पण दुकानातल्या काचेच्या कपाटात सबंध उन्हाळा भाजून निघालेलं नाही. तुमचं निम्मं का उगवलं नाही हे मी इथून सांगू शकत नाही, पण झाकलेलं बी आणि जुनं बी, या दोनपैकी एक धरून चाला.

उगवलेली रोपं कोलमडली, ती जमिनीलगत देठ पातळ आणि तपकिरी होऊन आडवी झाली ना? तो रोपमर रोग. मातीतली पिथियम, रायझोक्टोनिया अशी बुरशी त्याला कारण, आणि तिला आमंत्रण देणारे आपण. दाट पेरणी, सतत ओली माती, खेळती हवा नाही. औषधापेक्षा रीत बदला. कोंब दिसले की प्लास्टिकचं झाकण काढून टाका. ट्रे सकाळच्या उन्हात ठेवा, पाणी सकाळीच द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. मिश्रणात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, आधीच मिसळून ठेवली तर चांगलं, पण ओल्या गच्च मातीत तीही काही करू शकत नाही. चार खरी पानं आली की एकेक रोप आइस्क्रीमच्या काडीनं उचलून लहान पिशवीत लावा. धरताना पान धरायचं, देठ कधीच नाही. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ दबला तर रोप गेलं.

आता तुमच्या पिवळ्या पानांकडे येतो. यावर जरा लांबण लावणार आहे, कारण इंदुरात या फुलाचा खरा वैरी हाच आहे.

माळव्याची काळी माती म्हणजे आपला अभिमान. ‘मालव धरती गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ हे इथलं शेंबडं पोरही म्हणून दाखवतं. गहू, हरभरा, सोयाबीनला ती सोनं आहे. पण हेलिक्रायसमला या म्हणीतले शेवटचे दोन शब्दच मारक. ही माती पाणी धरून फुगते, मुळांना हवा मिळत नाही, आणि तिचा सामू, म्हणजे पीएच, साडेसात-आठच्या घरात. आकडा सातच्या खाली तर माती आम्ल, वर तर अल्कधर्मी. हेलिक्रायसमला हवा साडेपाच ते साडेसहा. त्याहून वर गेलं की मातीत लोह भरपूर असूनही मुळांना घेता येत नाही. कोठार भरलेलं, पण कुलूप लागलेलं. लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहजी हलत नाही, म्हणून उपासमार नव्या पानात आधी दिसते: पान पिवळं, शिरा हिरव्या. तुमचं वर्णन अगदी हेच आहे. खालची जुनी पानं सबंध पिवळी झाली असती तर मी नत्र कमी म्हटलं असतं. आणि अशा वेळी लोक काय करतात? मूठभर डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत, टाकतात. जास्तीचा स्फुरद उरलंसुरलं लोहही बांधून ठेवतो. बोनमीलचं, म्हणजे हाडांच्या चुऱ्याचंही तसंच. तुम्हीही टाकलं असेल तर वरची बोटभर माती खरवडून काढा.

दुसरी गोष्ट पाण्याची. तुमच्याकडे बागेला बोअरचं पाणी आहे असं लिहिलंय. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो ना? ते चुन्याचे क्षार. माती कितीही चांगली भरा, हे पाणी दोन महिन्यांत तिचा सामू वर नेतं. १९७८ साली नर्मदा जलूदहून उपसून इंदुरात आली, तेव्हापासून पिण्याची चिंता मिटली. ते नळाचं पाणी बोअरपेक्षा बरंच सौम्य. तुमच्याकडेही एक दिवसाआड नळ येत असेल, तर या सात कुंड्यांपुरती एक बादली बाजूला काढून ठेवा. तेही जमत नसेल तर बोअरच्या १५ लिटर पाण्यात लहान चमचा, म्हणजे साधारण ४ ग्रॅम, लिंबूसत विरघळवून द्या. पुढच्या पावसाळ्यात गच्चीचं पाणी एखाद्या पिंपात धरलंत तर सगळ्यात उत्तम, दोन ओळींच्या कुंड्यांना हिवाळाभर तेवढं पुरतं.

सध्याच्या रोपांना तातडीचा उपाय: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम आणि त्यात २ ग्रॅम लिंबूसत. आधी लिंबूसत घाला, मग हिराकस, नाहीतर पाणी गढूळ तांबडं होतं आणि उपयोग संपतो. ऊन उतरल्यावर पानांवर बारीक फवारा, आठ-आठ दिवसांनी तीनदा. आधी एका रोपावर करून दोन दिवस बघा. कळीला रंग दिसायला लागल्यावर फवारू नका, डाग पडतात, आणि गच्चीच्या पांढऱ्या टाइल्सवर तर कायमचे पडतात, घरातल्यांची बोलणी खायची हौस असेल तरच टाइल्स उघड्या ठेवा. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह, घ्या, पण पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं पाहून. ईडीटीए स्वस्त मिळतं, पण साडेसहाच्या वर सामू गेला की ते लोह धरून ठेवत नाही, आपल्या मातीत पैसे वाया. नवं पान हिरवं आलं म्हणजे जिंकलात. जुनं पिवळं पान परत फारसं हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघत बसू नका.

पुढच्या वर्षी मिश्रणच वेगळं करा. मी दोन भाग पिवळी माती, दोन भाग जाड रेती आणि एक भाग जुनं मुरलेलं खत घेतो. काळी माती चमचाभरही नाही. जमिनीत लावायचं असेल तर गादीवाफा वीतभर उंच करा आणि त्यात बारीक मुरूम घाला.

खताचं बोलायचं तर इंदूरकरांनी कंपोस्ट विकत आणावं याची मला लाज वाटते. जगात ‘इंदूर पद्धत’ या नावानं जे कंपोस्ट ओळखलं जातं, ते इथेच, १९२४ साली निघालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलं. त्या जागी आज कृषी महाविद्यालय आहे. १९३१ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, त्याचे सहलेखक होते यशवंत वाड. हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. पद्धत म्हणजे सुका पालापाचोळा, हिरवा कचरा आणि शेण यांचे थर, वर गोठ्यातली जनावरांचं मूत मुरलेली माती आणि थोडी राख. तीन महिन्यांत तीन वेळा उलथापालथ, की खत तयार. हेलिक्रायसमपुरता त्यात माझा एक बदल आहे: राख टाकायची नाही. राख सामू वाढवते आणि आपण तर तो खाली आणायला धडपडतोय. पेरू-जांभळाचा, बदामाचा पाचोळा जास्त घाला. बाकी ढीग वाडांनी लिहिल्याप्रमाणे.

वरखत फार नकोच. रोप स्थिरावल्यावर लिटरला १ ग्रॅम अमोनियम सल्फेट, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. ते मातीला थोडं आम्लही करतं. कळ्या दिसल्या की बंद. लाडानं नत्र घालत राहिलात तर झाड हिरवंगार, लुसलुशीत होतं, मावा त्याच्यावर तुटून पडतो आणि फुलं उशिरा, थोडी येतात.

लावणीचं चटकन उरकतो. रोप बोटभर लांबीची पाच-सहा पानं धरून उभं राहिलं की पक्क्या जागी लावा, दोन रोपांत एक फूट, किंवा दहा इंची कुंडीत एक. सहा तास तरी ऊन हवंच. वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे चार-पाच फांद्या फुटतात. डिसेंबरात कुंडीला तिसऱ्या दिवशी पाणी पुरतं, मार्चमध्ये रोज लागेल. पाणी बुडाशी घाला, पानाफुलांवर नाही. उंच झाडाला आधार द्यायला तुराट्या सगळ्यात छान, फुलांच्या आड येत नाहीत. पाला, म्हणजे गोठलेलं दव, पडण्याचा अंदाज सांगितला तर कोवळ्या रोपांवर रात्री जुनी साडी टाका. मावा आणि फुलकिडे आले तर निंबोळी अर्क, संध्याकाळी. पानावर खालून पांढरी बुरशी आणि वरून पिवळे ठिपके दिसले तर तो केवडा रोग, ती पानं तोडून घराबाहेर टाका आणि कुंड्या दूर-दूर सरकवा. आसपास हरभऱ्याची शेतं असतील तर घाटे अळी कळी पोखरते. माझ्या राऊच्या वाफ्यात ती दरसाल येते. सकाळी हातानं वेचणं हाच माझा उपाय.

आता तोडणी, म्हणजे माझ्या आवडीचा भाग. इथे तुम्ही एक चूक अजून केलेली नाही, कारण तिथवर पोचलाच नाहीत: फूल पूर्ण उमलायची वाट बघणं. शेवंतीत ते चालतं. हेलिक्रायसम तोडल्यावरही उमलत राहतं. बाहेरचे दोन-तीन पदर सुटले आणि मधला पिवळा डोळा अजून झाकलेला आहे, तेव्हाच तोडायचं. डोळा दिसायला लागला की उशीर झाला. असं फूल वाळता वाळता मागे उलटतं, मधला भाग भुरकट होतो, आणि दोन महिन्यांनी उशीच्या कापसासारखं बी उडायला लागतं. दव सुकल्यावर, दहा-अकराच्या सुमारास, एक दिवसाआड फेरी मारा. जितकं तोडाल तितकं येत राहील. दोन-तीन फुलं मात्र चांगल्या झाडावर बियाला सोडा. तुऱ्यासकट बी मोकळं झालं की अलगद झटकून घ्या. रंग अगदी आईसारखेच येतील असं नाही, मधमाश्या आपल्याला विचारून फिरत नाहीत.

वाळल्यावर याची मान मोडते. देठ पातळ होऊन सुकतो आणि फूल जड राहतं. म्हणून तार घालायची ती फूल ताजं असतानाच. मी २२ गेजची साधी लोखंडी तार घेतो, प्लास्टिक किंवा रंग चढवलेली नाही. फुलाखाली अर्धा इंच देठ ठेवून बाकी कापतो. तार देठाच्या पोकळीतून वर चढवतो, फूल डाव्या हाताच्या दोन बोटांत धरून. मधल्या गाभ्यात टोक रुतलं की बोटाला किंचित अडल्यासारखं होतं, तिथेच थांबायचं. वरून टोक बाहेर आलं तर फूल बिघडलं. एक-दोन दिवसांत गाभा सुकून तारेभोवती आवळतो, ताज्या देठाच्या ओलीनं तार थोडी गंजते आणि त्या गंजानंच पक्की चिकटते. चकचकीत गॅल्व्हनाइज्ड तार सुबक दिसते, पण सुटून येते, म्हणून माझा गंजक्या तारेवर जीव. मग तारांची टोकं थर्माकोलच्या तुकड्यात खोचून फुलं उभी ठेवा. तार घालायची नसेल तर दहा-बारा देठांची जुडी रबरानं बांधून उलटी टांगा. सुतळी नको, देठ आकसल्यावर फुलं सुटून पडतात.

वाळवायची ती सावलीत, अंधाऱ्या आणि हवेशीर खोलीत. उन्हात रंग उडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की आठ-दहा दिवसांत काम होतं. पावसाळ्यात फुलदाणीतली फुलं मिटतील, तेव्हा घाबरू नका, बशीतला खेळ आठवा. जूनमध्ये ती घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी आणि कापराच्या दोन वड्या टाकून ठेवली तर दसऱ्याला पुन्हा बाहेर काढता येतात. पिवळा आणि सोनेरी रंग सगळ्यात जास्त टिकतो, गुलाबी उतरतो, पांढरा पिवळसर होतो.

राहिला संक्रांतीचा प्रश्न. पेरल्यापासून फूल यायला अडीच ते तीन महिने लागतात. मग दहा दिवस वाळवण. म्हणजे १४ जानेवारीला हातात वाळलेली फुलं हवी असतील तर सप्टेंबरच्या अखेरीला पेरणी तरी हवी. रथसप्तमीपर्यंत ताणायचं म्हटलं तरी यंदाच्या रोपांवर ते जमणार नाही, ती आधीच आजारातून उठताहेत. वाण संक्रांतीला दुसरं काहीतरी द्या. माझं ऐकाल तर ही फुलं चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ठेवा. तोवर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूकही, निघून गेलेली असते, फुलांचा भर होऊन गेलेला असतो, आणि आरासीत कलिंगड-कैरीच्या डाळीशेजारी ही सोनेरी-तांबडी फुलं फार उठून दिसतात. महिनाभर आरास मांडलेली असली तरी बदलावी लागत नाहीत.

फक्त गौरीला वाहू नका म्हणे. माझी आई कधी वाहू देत नसे. जे फूल वाळत नाही, कोमेजत नाही, त्याचं निर्माल्य कधी काढायचं, असा तिचा सवाल होता, आणि त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. आरासीत ठेवलेलं तिला चालायचं.

तुमच्याकडे वीस बायका येत असतील आणि प्रत्येकीला पाच फुलांची जुडी द्यायची असेल, तर शंभर फुलं झाली. माझ्याकडे एक उंच झाड हंगामात वीस-पंचवीस तोडण्याजोगी फुलं देतं. तुमची सात झाडं वाचली आणि प्रत्येकानं पंधरा जरी दिली, तरी शंभर होऊन पाच उरतात. ती पाच बियाला सोडा. हिराकसचा पहिला फवारा आज संध्याकाळी मारा.